लाघव कोणासाठी? : अल्गॉल ६८ चा वाद आणि संगणकभाषेतील साधेपणा

डिसेंबर १९६८ मध्ये म्युनिक येथे इफिप या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या 'कार्यगट २.१' ची बैठक झाली. 'अल्गॉल ६८' या नव्या संगणकभाषेचा अहवाल वरिष्ठ समितीकडे पाठविण्याचा निर्णय तीत झाला आणि त्याच वेळी गटातील आठ सदस्यांनी आपले भिन्नमत लेखी नोंदविले. सह्या करणाऱ्यांत एड्सगर डाइकस्ट्रा, सी. ए. आर. होअर, ब्रायन रँडेल, व्लादिस्लाव तुर्स्की अशी नावे होती. माइक वुजर हे तर १९६० च्या मूळ अल्गॉलच्या तेरा जनकांपैकी एक. मुख्य अहवाल शंभरावर पानांचा. भिन्नमतपत्र जेमतेम पानभर. अवघड आज्ञावली विश्वासार्हपणे रचण्याच्या कामी भाषा किती साहाय्य करते, हीच साधन म्हणून तिची कसोटी होय आणि त्या कसोटीवर हा प्रयत्न फसला आहे, असा त्याचा आशय. नव्या भाषेचे प्रमुख शिल्पकार आड्रियान फान वाइनगार्डन हे डाइकस्ट्रांचे गुरू होते. १९५९ मध्ये डाइकस्ट्रांनी डॉक्टरेट मिळविली ती त्यांच्याच मार्गदर्शनाखाली. तेव्हा हा वाद परक्यांमधला नव्हता.

संगणकाच्या इतिहासात या प्रसंगाची कथा बहुधा साधेपणा आणि अभिव्यक्तिक्षमता यांच्या द्वंद्वाच्या रूपात सांगितली जाते. एका बाजूस थोडक्यात आटोपणारी, शिकण्यास सुलभ, परंतु हात आखडलेली भाषा. दुसऱ्या बाजूस हवे ते बोलू देणारी, परंतु अवजड भाषा. मांडणी सोयीची आहे, पण तिच्यात एक अडचण आहे. फान वाइनगार्डन यांनाही साधेपणाच हवा होता. मूलभूत संकल्पना मोजक्या ठेवाव्यात, त्या एकमेकींपासून स्वतंत्र असाव्यात आणि कोणतीही संकल्पना कोणत्याही दुसरीशी विनाअट जोडता यावी, हे त्यांचे सूत्र होते. अपवाद नसणे हा साधेपणाच नव्हे काय? वाद साधेपणा हवा की नको असा नव्हताच. भाषेच्या कोणत्या थरावर तो असावा आणि त्याचे ओझे कोणी वाहावे, असा होता.

मराठी समीक्षेत साधेपणा हा बहुधा शैलीचा गुण म्हणून नोंदविला जातो आणि तेथेच चर्चा थांबते. संस्कृत व्याकरणपरंपरेने मात्र या प्रश्नासाठी अधिक काटेकोर परिभाषा घडविली. अर्धी मात्रा वाचली तरी वैयाकरणाला पुत्रजन्माइतका आनंद होतो, ही उक्ती सर्वपरिचित आहे. तिच्याइतकी परिचित नसलेली गोष्ट अशी की, लाघव एकाच जातीचे नसते, हे त्याच परंपरेने ओळखले होते. अक्षरांची बचत ते शब्दलाघव; अर्थ चटकन आणि निःसंदिग्धपणे कळणे हे प्रतिपत्तिलाघव. एक साधताना दुसरे हातचे जाऊ शकते आणि मग 'प्रतिपत्तिगौरव' हा दोष उद्भवतो. (मराठीत गौरव म्हणजे सन्मान, शास्त्रात तो जडपणा आहे, आणि टाळावयाचा आहे.) अष्टाध्यायीच्या मुळाशी असलेल्या चौदा शिवसूत्रांत याचे प्रसिद्ध उदाहरण मिळते. वर्णांचे गट नेमक्या दोन अक्षरांत सांगता यावेत म्हणून प्रत्येक सूत्राच्या शेवटी एक खुणेचा वर्ण ठेवलेला आहे; परंतु 'ण्' ही खूण पहिल्या आणि सहाव्या अशा दोन सूत्रांच्या शेवटी येते. त्यामुळे 'अण्' म्हटल्यावर गट कोठवर घ्यावयाचा, हे सूत्रपाठावरून ठरत नाही. ते व्याख्यानावरून ठरवावे लागते. सूत्रकाराने वाचविलेला एक वर्ण भाष्यकारांच्या पिढ्यांनी वाहिला.

या परंपरेचा येथे उल्लेख केवळ उपमेसाठी नाही. संगणकभाषांच्या इतिहासाशी तिची प्रत्यक्ष गाठ एकदा पडली आहे, आणि ती अल्गॉलच्याच निमित्ताने.

१९५७ मध्ये आयबीएम कंपनीतील जॉन बॅकस यांच्या चमूने 'फोरट्रान' प्रत्यक्षात आणली तेव्हा भाषेचे स्वतंत्र व्याकरण ही गोष्ट फारशी कोणाच्या मनात नव्हती. कंपायलर, म्हणजे माणसाने लिहिलेली आज्ञावली यंत्राच्या भाषेत उतरविणारी व्यवस्था, जे स्वीकारील ती भाषा. १९५८ मध्ये झुरिक येथे अमेरिकन आणि युरोपीय प्रतिनिधी एकत्र आले ते कोणत्याही एका यंत्राशी बांधलेली नसणारी भाषा घडविण्यासाठी. १९५९ च्या जूनमध्ये युनेस्कोच्या पॅरिस येथील परिषदेत बॅकस यांनी तिच्या वाक्यरचनेचे वर्णन करणारी एक चिन्हपद्धती मांडली. डेन्मार्कचे पीटर नाऊर यांनी तिचे मोल ओळखले, तिला हाताळण्याजोगे रूप दिले आणि जानेवारी १९६० च्या पॅरिस बैठकीनंतर स्वतः संपादिलेल्या अहवालात ती वापरली. मे १९६० मध्ये हा अहवाल नियतकालिकात प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याने सोळा पाने व्यापली. डोनल्ड कनूथ यांनी १९६४ मध्ये या पद्धतीस बॅकस आणि नाऊर या दोघांचे नाव द्यावे असे सुचविले. १९६७ च्या मार्चमध्ये पी. झेड. इंगरमन यांनी त्याच नियतकालिकास पत्र लिहून तिला 'पाणिनी-बॅकस रूप' म्हणावे, अशी सूचना केली. नाव रूढ झाले ते कनूथ यांचेच. पाणिनीय रचनेतील लाघवाचा विचार पुढे पुण्याशी निगडित अभ्यासकांच्या वर्तुळात वेगळ्या अंगाने होत राहिला. शिवसूत्रांच्या रचनेमागे काटकसरीचे तत्त्व कसे काम करते, यावरील पॉल किपार्स्की यांचा निबंध १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला तो प्रा. एस. डी. जोशी यांच्या गौरवग्रंथात, आणि पाणिनीचे व्याकरण व संगणकविज्ञान यांवरील सरोजा भाटे व सुभाष काक यांचा लेख १९९३ मध्ये भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या 'ॲनल्स'मध्ये आला.

अल्गॉल ६० च्या सोळा पानांची ख्याती अद्याप ओसरलेली नाही. होअर यांनी १९७३ मध्ये लिहिले की, ही भाषा तिच्या पूर्वसूरींहूनच नव्हे, तर तिच्यानंतर आलेल्या जवळजवळ सर्व भाषांहूनही सरस आहे. परंतु त्या संहितेचे वाचन बारकाईने केले म्हणजे तिचा साधेपणा किती गुंतागुंतीचा आहे, हे ध्यानात येते. एखादी कार्यपद्धती स्वतःच्याच पोटात स्वतःला बोलावू शकते की नाही, हा तेव्हा वादाचा विषय होता. अशा कार्यपद्धतीसाठी वेगळा शब्द भाषेत घालावा, ही सूचना पॅरिसच्या बैठकीत बहुमताने फेटाळली गेली. पुढे फेब्रुवारीत फान वाइनगार्डन यांनी नाऊर यांच्याशी दूरध्वनीवर बोलणे केले आणि अहवालात एका वाक्याची भर पडली : कार्यपद्धतीच्या अंगात तिचे नाव अन्यत्र कोठे आले तर ते तिला कार्यान्वित करते, अशा अर्थाची. नवा शब्द नाही, नवे चिन्ह नाही. निषेध नाही म्हणून परवानगी आहे, एवढेच स्पष्ट झाले. गटातील काही जणांना हा ॲमस्टरडॅमचा कट वाटला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये डाइकस्ट्रा आणि याप झोनेव्हेल्ड यांनी ॲमस्टरडॅमच्या एक्स-१ यंत्रावर अल्गॉलचा कंपायलर चालवून दाखविला, आणि त्यात स्वतःला बोलावणाऱ्या कार्यपद्धती नीट चालत होत्या.

येथे अभिव्यक्तिक्षमता वाढली ती भर घालून नव्हे, एक निर्बंध न घातल्याने. हा अनुभव फान वाइनगार्डन यांच्या पुढील सर्व विचाराचे बीज आहे, असे म्हणावयास हरकत नाही. अपवाद काढून टाका, शक्ती आपोआप येईल. मात्र याच अहवालात उलट अनुभवही दडलेला होता. कार्यपद्धतीला दिलेले पद तिच्या अंगात जेथे जेथे वापरले जाईल तेथे तेथे जणू मूळ वाक्यखंडच उतरवून घ्यावा, असा 'नामद्वारा आवाहना'चा नियम त्यात होता. नियम सांगावयास सोपा. परंतु त्यातून काय काय शक्य होते, हे नियमकर्त्यांनाही पुरते ठाऊक नव्हते. कोपनहेगनच्या यर्न येन्सेन यांनी त्याचा उपयोग करून एकाच छोट्या कार्यपद्धतीकडून मनाजोगत्या कोणत्याही सूत्राची बेरीज करवून घेण्याची युक्ती दाखविली, आणि ती 'येन्सेनची क्लृप्ती' म्हणून गाजली. वाचणाऱ्याच्या दृष्टीने मात्र आता एखादे निरुपद्रवी दिसणारे नाव कोणत्या क्षणी कोणते मूल्य धारण करील, हे त्या नावाकडे पाहून सांगता येईना. शब्दलाघवाने प्रतिपत्तिगौरव निर्माण केले. १९६७ मध्ये कनूथ यांनी अल्गॉल ६० मधील उरलेल्या संदिग्ध जागांची यादी प्रसिद्ध केली, तीही सोळा पानांच्या त्या संहितेभोवती वाढलेल्या भाष्यवाङ्मयाचाच भाग होय.

पुढील भाषा कशी असावी, याविषयी १९६५ च्या ऑक्टोबरमध्ये फ्रान्समधील सँ-प्येर-द-शार्त्रझ येथे कार्यगटासमोर पर्याय आले. निक्लाउस विर्थ यांचा मसुदा अल्गॉल ६० ला मोजक्या ठिकाणी सुधारणारा होता. त्यात होअर यांची 'नोंदी'ची कल्पना, म्हणजे भिन्न जातीची माहिती एका नावाखाली बांधण्याची सोय, सामावून घेतली जाणार होती. फान वाइनगार्डन यांचा मसुदा निराळाच होता. त्याच्या शीर्षकातच 'ऑर्थोगोनल' हा शब्द होता. काटकोनात असलेल्या दोन अक्षांवर स्वतंत्रपणे सरकता येते, तशी भाषेची अंगे परस्परनिरपेक्ष असावीत, असा त्याचा अर्थ. गटाने वर्णनाच्या या नव्या पद्धतीच्या बाजूने कौल दिला. विर्थ आणि होअर यांनी आपला पर्याय जून १९६६ मध्ये स्वतंत्रपणे प्रसिद्ध केला आणि स्टॅनफर्ड येथे त्यावरून 'अल्गॉल डब्ल्यू' तयार झाली. विर्थ पुढे गटातून बाहेर पडले. म्युनिकच्या भिन्नमतपत्रावर त्यांची सही नाही ती त्यामुळे.

परस्परनिरपेक्षतेचा अर्थ एका उदाहरणाने स्पष्ट होईल. अनेक भाषांत कार्यपद्धतीने काय परत द्यावे यावर बंधने असतात. संख्या देता येईल, पण संख्यांची ओळ देता येणार नाही, इत्यादी. अल्गॉल ६८ मध्ये असा भेद नाही. मूल्याचा जो कोणता प्रकार भाषेत रचता येतो, तो साठविता येतो, दुसऱ्या कार्यपद्धतीकडे सोपविता येतो, परत देता येतो. कार्यपद्धती हीसुद्धा एक मूल्यच. तिचीही ओळ करता येते. 'जर-तर' ही रचना आज्ञा म्हणून येईल तशी पद म्हणूनही येईल, अगदी ज्या जागी मूल्य साठवावयाचे ती जागा निवडण्यासाठीसुद्धा. विद्यार्थ्याला 'हे येथे चालत नाही' असे कधी सांगावे लागू नये, ही त्यामागील आकांक्षा. तिच्यात एक प्रकारचे औदार्य आहे, आणि त्या औदार्याचा विचार न करता अल्गॉल ६८ ला नुसती अवजड म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे होईल.

परंतु सर्वत्र सर्व काही चालू द्यावयाचे तर एका जागेवर अपेक्षित असलेले मूल्य आणि तेथे प्रत्यक्ष आलेले मूल्य यांच्यात मेळ घालावा लागतो. त्यासाठी भाषेने आपोआप घडणारी रूपांतरे नेमली. १९७५ च्या सुधारित अहवालाप्रमाणे ती सहा आहेत, आणि ती कोठे घडतील हे पदाच्या वाक्यातील पाच प्रकारच्या स्थानांवरून ठरते. मराठीत विभक्तिप्रत्यय लागण्यापूर्वी नामाचे सामान्यरूप होते, 'घोडा'चे 'घोड्या' होते. बोलणाऱ्याला त्याची जाणीवही नसते, परक्या शिकाऊला मात्र नियम आणि अपवाद पाठ करावे लागतात. अल्गॉल ६८ मध्ये जन्मजात बोलणारे कोणी नव्हतेच. तिचे सर्वच वाचक परके होते.

त्यात वर्णनाच्या पद्धतीची भर पडली. फान वाइनगार्डन यांचे व्याकरण द्विस्तरीय आहे : वरच्या थरावरील सान्त नियमांमधून खालच्या थरावरील अनंत नियम निर्माण होतात. व्याकरणाचेच व्याकरण. मिशेल सिंत्झोफ यांनी १९६७ मध्ये दाखविले की, या पद्धतीने यांत्रिकपणे मोजता येणारा कोणताही संच निर्माण करता येतो. म्हणजे वर्णन करणारी भाषा वर्ण्य भाषेइतकीच समर्थ झाली. परिभाषाही नव्याने घडविली गेली आणि तिच्यात जुन्या शब्दांचा आधार जाणूनबुजून टाळला गेला. या शुष्क अरण्यात लेखकांनी मधूनमधून लुइस कॅरल यांच्या बालवाङ्मयातील अवतरणे पेरली आहेत, आणि शब्दांना हवा तो अर्थ देणाऱ्या त्या जगाची आठवण वाचकाला सहेतुक करून दिली आहे. स्वतःच्या दुर्बोधतेकडे मिस्कीलपणे पाहणारा असा तांत्रिक दस्तऐवज क्वचितच आढळेल.

भिन्नमत नोंदविणाऱ्यांचा रोख या दस्तऐवजावर होता की भाषेवर? दोन्ही गोष्टी त्यांनी एक मानल्या, आणि त्यांच्या दृष्टीने ते योग्यच होते. ज्या भाषेचे वर्णन तिच्या निर्मात्यांपैकी अनेकांना वाचता येत नाही, तिच्यात लिहिलेल्या आज्ञावलीवर विश्वास कसा ठेवावयाचा, असा तो प्रश्न होता. इतिहासाच्या अंतरावरून मात्र या दोहोंत फरक करावा लागतो. चार्ल्स लिंडसे आणि एस. जी. फान डर म्यूलेन यांनी १९७१ मध्ये या भाषेचा अनौपचारिक परिचय करून देणारे पुस्तक प्रसिद्ध केले. त्याची अनुक्रमणिका द्विमित आहे : आडव्या ओळींनी वाचले तर एक क्रम, उभ्या स्तंभांनी वाचले तर दुसरा. परस्परनिरपेक्ष अक्षांची कल्पना त्यांनी ग्रंथरचनेतच उतरविली, आणि त्या वाचनातून भाषा पुष्कळच सुबोध ठरली. त्याआधी १९७० मध्ये इंग्लंडमधील मॉल्व्हर्न येथील रॉयल रडार एस्टॅब्लिशमेंटमध्ये एक कंपायलर चालू झाला होता. तेथील रचनाकारांनी भाषेचे स्वातंत्र्य थोडे छाटले. प्रत्येक नाव वापरण्यापूर्वी घोषित केलेच पाहिजे, असा आग्रह धरला, म्हणजे संहिता एकाच वाचनात यंत्रभाषेत उतरविता येईल. हा पाणिनीला सोडून सोप्या प्रक्रियाग्रंथाकडे वळण्यासारखा व्यवहार होता, आणि तो चालला.

अल्गॉल ६८ स्वतः विशेष पसरली नाही, परंतु तिचे अंश इतरत्र मुरले. 'सी' भाषेतील प्रकार रचण्याच्या पद्धतीचे ऋण डेनिस रिची यांनी मान्य केले आहे. अल्गॉलच्या अनुयायांना ते रूप रुचेलच असे नाही, हेही सांगून. केंब्रिज येथे अल्गॉल ६८ च्या कंपायलरवर काम केलेल्या स्टीव्ह बोर्न यांनी युनिक्ससाठी लिहिलेल्या आज्ञा-भाषेत रचनेचा आरंभशब्द उलटा लिहून तिचा शेवट दाखविण्याची लकब आणली : 'इफ'चा शेवट 'फाय', 'केस'चा 'इसॅक'. म्युनिकचे नावही न ऐकलेले लोक ते शब्द आजही टंकलिखित करतात.

दुसऱ्या बाजूचे काय झाले? विर्थ यांनी झुरिकला परतून 'पास्कल' रचली. १९७० मध्ये तिचा कंपायलर चालू झाला आणि पुढील दोन दशके जगभरच्या विद्यापीठांतून आज्ञावली-लेखनाचे पहिले धडे तिच्यातून दिले गेले. तिचा संक्षेप हा तिच्या यशाचा मोठा वाटा आहे. परंतु पास्कलमध्ये ओळीची लांबी हा त्या ओळीच्या प्रकाराचाच भाग मानला गेला. दहा संख्यांची ओळ आणि अकरा संख्यांची ओळ हे दोन भिन्न प्रकार झाले. नियम स्वच्छ, कंपायलरला तपासण्यास सोपा. पण त्यामुळे कोणत्याही लांबीची यादी क्रमवार लावून देईल अशी एकच कार्यपद्धती लिहिता येईना. ब्रायन कर्निघन यांनी १९८१ मध्ये पास्कलवर टीकालेख लिहिला त्यात हा आक्षेप अग्रभागी आहे. १९८३ च्या आंतरराष्ट्रीय प्रमाणात त्यावर उपाय आला, तोही ऐच्छिक स्तरावर. येथे साधेपणा नियमावलीत राहिला आणि पुनरुक्तीचे ओझे लिहिणाऱ्याच्या माथी आले.

विर्थ मात्र डगमगले नाहीत. मॉड्युला, मॉड्युला-२ आणि १९८८ मधील 'ओबेरॉन' असा त्यांचा प्रवास वजाबाकीचा होत गेला. ओबेरॉनमध्ये त्यांनी आधीच्या भाषेतील अनेक प्रकार गाळले. ठरावीक वेळा आवृत्ती करणारी 'फॉर' ही रचनादेखील गाळली, कारण तिचे काम दुसऱ्या रचनेने भागते. तार्किकदृष्ट्या निर्णय निर्दोष होता. १९९१ मध्ये हान्सपेटर म्योसेनबोक यांच्यासमवेत 'ओबेरॉन-२' रचली गेली तेव्हा 'फॉर' परत आली. जे दुसऱ्या शब्दांत सांगता येते ते अनावश्यकच असते, हे गृहीतक माणसांनी वापरावयाच्या भाषेत टिकत नाही. पर्यायवाची शब्द अर्थाबरोबर हेतूही सांगतात. 'फॉर' पाहताच वाचकाला कळते की ही फेरी किती वेळा होणार ते आधीच ठरलेले आहे. हे ज्ञान अन्यथा त्याला तीन-चार ओळींतून गोळा करावे लागते.

होअर यांची भूमिका या सर्वांत अधिक गुंतागुंतीची आणि म्हणूनच अधिक उद्‌बोधक आहे. १९८० च्या टुरिंग पुरस्कार व्याख्यानात त्यांनी अल्गॉल ६८, पीएल-वन आणि तेव्हा अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी घडत असलेली 'एडा' यांवर प्रखर टीका केली. रचना इतकी साधी करता येते की तिच्यात दोष नाहीत हे उघड दिसावे, आणि इतकी गुंतागुंतीची करता येते की तिच्यात दोष उघड दिसू नयेत, हा त्यांनी केलेला भेद तेव्हापासून सतत उद्‌धृत होत आला आहे. अविश्वसनीय भाषेत लिहिलेल्या आज्ञावल्या क्षेपणास्त्रांवर आणि अणुभट्ट्यांवर बसविल्या जातील, ही त्यांची भीती अलंकारिक नव्हती. त्याच व्याख्यानात त्यांनी आपल्या तरुणपणीच्या अनुभवाचाही दाखला दिला. इलियट कंपनीसाठी बनविलेल्या अल्गॉलच्या कंपायलरमध्ये ओळीतील प्रत्येक क्रमांक मर्यादेत आहे की नाही याची तपासणी होत असे. वेग वाढावा म्हणून ती बंद करण्याची मुभा हवी काय, असे ग्राहकांना विचारले असता त्यांनी एकमुखाने नको म्हटले. सुरक्षितता हा वाचकाच्या बाजूने मोजलेला साधेपणा आहे, हे त्या ग्राहकांना पंडितांच्या आधी कळले होते.

आणि याच होअर यांनी १९६५ मध्ये, अल्गॉल डब्ल्यूच्या रचनेत, कशाचाही निर्देश न करणारा 'रिक्त निर्देश' आणला. २००९ मध्ये लंडन येथील परिषदेत त्यांनी त्याला अब्जावधी डॉलरची चूक म्हटले. तो का आणला याचे त्यांनी दिलेले कारण या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे : तो अमलात आणणे फार सोपे होते. ज्या माणसाने साधेपणाची बाजू सर्वांत ठामपणे मांडली, त्याच्या हातून घडलेले हे लाघव कंपायलर रचणाऱ्याच्या सोयीचे होते. त्यानंतरच्या दशकांत प्रत्येक आज्ञावलीकाराला 'येथे खरोखर काही आहे ना?' हे जागोजागी विचारीत बसावे लागले. डाइकस्ट्रांनी १९७२ मध्ये पीएल-वनची तुलना सात हजार कळांच्या विमानाशी केली होती. रिक्त निर्देश ही एकच कळ होती.

मोठी भाषा की छोटी, या प्रश्नातून वाट काढण्याचा आणखी एक प्रयत्न लिस्पच्या परंपरेत झाला. १९७५ मध्ये गाय स्टील आणि जेरल्ड ससमन यांनी एमआयटी येथे 'स्कीम' रचली. तिच्या १९८६ च्या अहवालाच्या आरंभी अल्गॉल ६० च्या स्मृतीस अर्पण केल्याचा उल्लेख आहे. भाषेत भरीवर भर घालू नये, तर ज्या उणिवांमुळे भर आवश्यक वाटते त्या दूर कराव्यात, असे तिचे धोरण. फान वाइनगार्डन यांचा दूरचा प्रतिध्वनी त्यात ऐकू येतो. स्टील यांनी मात्र त्यापुढचा विचार १९९८ मध्ये व्हॅंकूव्हर येथील एका परिषदेत 'भाषा वाढविणे' या विषयावरील व्याख्यानात मांडला. छोटी भाषा अपुरी पडते, मोठी भाषा वेळेवर पुरी होत नाही. म्हणून वाढू शकेल अशी छोटी भाषा रचावी आणि वापरणाऱ्यांनी घातलेली भर मूळ भाषेइतकीच सहज दिसावी, असे त्यांचे म्हणणे. जावा भाषेस त्यांनी सुचविलेल्या भरींपैकी एक, म्हणजे प्रकारांनाच पदे मानण्याची सोय, २००४ मध्ये तिच्यात आली.

या व्याख्यानाचे रूप साहित्याच्या अभ्यासकाने आवर्जून पाहावे असे आहे. इंग्रजीतील एकावयवी शब्द तेवढे आरंभी उपलब्ध आहेत असे स्टील यांनी गृहीत धरले. याहून लांब शब्द वापरावयाचा तर आधी त्याची व्याख्या उपलब्ध शब्दांत करावयाची. श्रोत्यांना कारण लगेच सांगितले जात नाही. भाषण अडखळत, लहान मुलासारखे सुरू होते, आणि व्याख्या साचत जातात तसतसे ते सैल, ओघवते होते. छोट्या भाषेचे ओझे बोलणाऱ्यावर आणि ऐकणाऱ्यावर कसे पडते, याचा युक्तिवाद न करता त्यांनी ते ओझे श्रोत्यांना तासभर वाहावयास लावले.

त्यातील अगदी पहिली व्याख्या विशेष लक्षणीय आहे. इंग्रजीत पुरुषवाचक 'मॅन' एकावयवी आहे, 'वुमन' नाही. म्हणून पुरुष म्हणजे काय ते तुम्हांस ठाऊकच आहे असे धरून, स्त्रीची व्याख्या त्याच्यासारखीच पण वेगळ्या लिंगाची अशी करणे त्यांना भाग पडले, आणि हा आरंभ विचित्र वाटेल हे त्यांनी स्वतःच बोलून दाखविले. मूळ शब्दांचा संच कितीही लहान असो, त्यात कोणाला विनाव्याख्या प्रवेश आहे आणि कोणाला सिद्ध व्हावे लागते, हे आधीच ठरून गेलेले असते. हेच व्याख्यान मराठीत, लेखनातील अक्षरे मोजून, एकाक्षरी शब्दांनी सुरू करावयाचे ठरले तर 'स्त्री' प्रारंभीच हाताशी असेल. 'पुरुष' तिच्यावरून साधून घ्यावा लागेल.